दहावं नख

संपादकांचं पत्र आलं, की दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी थरारक लिहा. देवीची साथ, पटकी, अडलेली बाळंतीण, असं. सोलापुरात नर्स म्हणून मी एकतीस वर्षं काढली, त्यामुळे हे सगळं पाहिलं आहे. पण साथींवर लिहायला डॉक्टर मंडळी आहेत. त्यांच्या आत्मचरित्रात नर्स एखाद्या परिच्छेदात उकळतं पाणी घेऊन येते आणि पुढच्या परिच्छेदात निघून जाते. म्हणून मी नखांवर लिहायचं ठरवलं. तो प्रांत अजून मोकळा आहे.

आधी नख म्हणजे काय ते सांगते. आपल्याला दिसतं ते नख मेलेलं असतं, म्हणूनच कापताना दुखत नाही. जिवंत असतं ते त्याचं मूळ, कातडीच्या आत. त्या मुळावर कातडीची एक पातळ किनार नखाला चिकटलेली असते. पाणी आणि घाण आत शिरू नये म्हणून निसर्गानं घातलेला तो उंबरा आहे. पुष्कळ लोक त्याला मळ समजून खरवडतात. एका वकिलांच्या मुलीनं साखरपुड्याच्या आठवड्यात कुठल्याशा मासिकात वाचून ब्लेडनं ती किनार साफ केली. तिसऱ्या दिवशी बोटाला नखुरडं झालं, म्हणजे नखाच्या कडेला पू धरला. अंगठी करंगळीत घालावी लागली आणि सैल असल्यानं पंगतीत श्रीखंडात पडली. वकीलसाहेब मला गंभीरपणे विचारत होते, की मासिकावर दावा लागेल का.

आणखी एक. हाताचं नख महिन्याभरात जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं वाढतं. हे माप लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनएक वर्षं झाली असतील. मी तेव्हा भवानी पेठेजवळच्या एका दवाखान्यात होते. वरून आदेश आला, की नख स्वच्छता सप्ताह साजरा करावा. त्यातला 'साजरा' हा शब्द आमच्या कार्यालयानं मनावर घेतला. मांडव आला, सतरंज्या आल्या, नारळ आले. चांदीच्या ताटात लाल फीत बांधलेलं एक नेलकटर ठेवलं गेलं. उद्घाटनाला शहरातले एक प्रतिष्ठित गृहस्थ यायचे होते. त्यांना फक्त शनिवार मोकळा होता. शनिवारी आमच्याकडे कुणी नखं कापत नाही, हे पाहुण्यांना माहीत नसेल, पण आम्हाला माहीत होतं. तरी शनिवारच ठरला, कारण सप्ताह पाहुण्यांसाठी होता.

पाहुणे स्वच्छतेवर पाऊण तास बोलले. बाकीच्यांची भाषणं चालू असताना ते डाव्या करंगळीच्या नखानं कान कोरत होते. नख चांगलं चमच्यासारखं वाढवलेलं होतं. त्या काळी अनेक बडी माणसं करंगळीचं नख राखत. आपल्याला हातानं काम करावं लागत नाही, याचं ते विनाशिक्क्याचं प्रमाणपत्र होतं. मी ते नख पाहिलं, मनातल्या मनात हसले आणि गप्प बसले. हे नमूद करते, कारण पुढे जे केलं ते करताना मी गप्प बसले नाही.

मला त्या सप्ताहाचा उत्साह नव्हता असं नाही. मुलांच्या पोटात जंत नखांतल्या मातीतून जातात हे खरंच आहे आणि तशी फुगलेली पोटं मी रोज बघत होते. त्यामुळे आधी नखं, मग औषध, असा नियम मी स्वतःच काढला. टेबलावर नोंदवही ठेवली. तिच्यात दोन रकाने: तपासलेले हात, कापलेली नखं.

बायका शनिवारचं कारण सांगून हात मागं घेत. मी म्हणे, "शनीला दुसरी कामं आहेत. तो नखं मोजत बसत नाही." तशी मी नखं मोजतच बसले होते.

दुपारच्या सुमाराला नरसव्वा आली. तेलुगू विणकरांच्या घरची, विशी-पंचविशीतली, कडेवर दोन वर्षांची मुलगी खोकत होती. तिनं डावा हात निमूट पुढं केला. पाच नखं झाली. उजवा हातही दिला. चार झाली. पाचव्याला तिनं अंगठा मुठीत घेतला.

"ह्ये नको, शिष्टरबाई."

"शनिवार-बिनिवार काही नसतं."

"शनिवारचं न्हाय. ह्ये नको."

मुलीला खोकल्याची उबळ आली. मागं रांग होती. मी मूठ उघडली. नख लांब होतं, कडेला तंबाखूनं काळपट झालेलं. एवढी घाण लपवायला बघतेय, असं मला वाटलं. मी ते पार मांसापर्यंत कापलं.

तिनं ताटलीतली ती नखाची कोर तेवढी वेचून घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. नखं कुठेही टाकू नयेत, करणी होते, असं पुष्कळजणी मानतात, म्हणून मला नवल वाटलं नाही. मी खोकल्याचं औषध दिलं आणि नोंदवहीत 'दहा' लिहिलं.

ती 'ह्ये नको' म्हणाली होती. मी 'आज नको' ऐकलं. शब्द दोनच होते, आणि आवाजात काही दोष नव्हता.

दहाव्या दिवशी ती परत आली, तेव्हा तो अंगठा पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता. नखाची कड पांढरी, तिच्याखाली पू आणि नखावर रबरासारखं काहीतरी वाळलेलं.

"हे काय लावलंस?"

"सोलुशन."

"कसलं?"

"सायकलच्या पंक्चरचं. नख चिकटवलं व्हतं मी. चार दिस ऱ्हायलं, मग पडलं."

तेव्हा मला पदराची गाठ कळली.

आमचे डॉक्टर वाईट नव्हते, फक्त घाईचे होते. त्यांनी अंगठा दाबून पाहिला. "नख उपटून टाकू. दोन मिनिटांचं काम."

"परत कदी येतंय?" नरसव्वानं विचारलं.

"येईल की. पाच-सहा महिन्यांत."

ती उठलीच. "मग ऱ्हाऊ दे. असंच बरं हाय."

"अहो, बोट जाईल."

"कार्ड जातंय माझं. बोटाचं काय घिऊन बसलाव." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बिडीचं तोंड कशानं मोडू, बाई? दातानं?"

ज्यांनी बिडी वळताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडीवर सूप असतं. भिजवलेलं पान कात्रीनं मापात कापायचं, चिमूट तंबाखू घालून वळायचं आणि रुंद बाजूचं तोंड आत दुमडून बंद करायचं. ते दुमडणं अंगठ्याच्या नखाचं काम. नुसत्या बोटाच्या मांसानं पानाची घडी बसत नाही, उघडते आणि तंबाखू सांडते. काहीजणी नखावर पत्र्याची टोपी चढवतात. नरसव्वानं तीही करून पाहिली होती, पण हाताला सवय नसल्यानं पान फाटत होतं. कारखान्यात सकाळी माल दिला, की चेकर जुड्या तपासतो. उघड्या तोंडाच्या बिड्या बाजूला टाकतो. सारखा माल बाद होऊ लागला, की कामाचं कार्ड काढून घेतात, आणि ते घ्यायला दारात दहाजणी उभ्या असतात. नरसव्वाचा नवरा भिवंडीला मागावर होता, आणि त्याची पत्रं त्याच्या मनिऑर्डरींपेक्षा नियमित यायची. घर त्या कार्डावर होतं. म्हणजे त्या नखावर.

मी डॉक्टरांना म्हटलं, "आठ दिवस द्या. पू काढा, नख ठेवा. पुढचं मी बघते."

"सिस्टर, नख वाचवायला कुणी माझ्याकडे अर्ज केल्याचं आठवत नाही."

"ते मी कापलंय, डॉक्टर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग कड थोडी उघडून पू काढला, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "आठ दिवस. लाली मनगटाकडे चढली, तर तुमचं ऐकणार नाही." हे त्यांचं बरोबर होतं. वाचणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. पू झालेलं बोट हे घरगुती उपायांचं काम नाही, आधी दवाखाना.

संध्याकाळी ड्यूटी संपवून मी कारखान्यात गेले. चेकर पन्नाशीचा गृहस्थ होता, टोपी नीट ठेवलेली, कानाला पेन्सिल.

"नखासाठी रजा?" तो म्हणाला. "बाळंतपणाची रजा ठावं हाय मला, बाई. नखाची पयल्यांदाच ऐकतोय."

"मागणारी मीच पहिली असेन."

"तुमी शिकल्या-सवरल्या. बिडीवालीचं अंगठ्याचं नख कापतंय का कोण?"

पाहुण्यांच्या पाऊण तासाच्या भाषणात नव्हतं ते शहाणपण कानाला पेन्सिल लावलेल्या माणसानं एका वाक्यात सांगितलं. मी उभीच राहिले. मला उभं राहण्याची सवय आहे.

शेवटी तो म्हणाला, "येत्या अमावस्येपतुर थांबतो. त्या दिवशी तिनं सोताच्या हातानं केलेला माल आणायचा. तोंडं उघडी असली, तर मग मला बोलायचं न्हाय."

अमावस्येला सव्वीस दिवस होते. म्हणजे ज्वारीचा एक दाणासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातेलं, मीठ, गॉझ आणि भरपूर ज्ञान घेऊन नरसव्वाच्या घरी पोचले. दारातल्या दगडी पायरीवर तिची सासू बसली होती, मल्लव्वा. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ती उजवा अंगठा पायरीच्या गुळगुळीत कडेवर घासत होती, सावकाश, एकाच दिशेनं. मी वाकून पाहिलं. इतकं सुरेख नख मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कडा गोल, रंग फिकट गुलाबी, मुळाची किनार अखंड.

"अम्मा, तुम्ही बिड्या करता?"

"न्हाय. दिसत न्हाय. सोडून चार वर्सं झाली."

"मग नख कशाला राखलंय?"

"हाताला काय ठावं, सोडलंय म्हणून?"

मी पिशवीतून कानस काढली आणि नखाची निगा समजावून सांगू लागले. म्हातारीनं ती हातात घेऊन चाचपली, तिचे दात बोटानं मोजले आणि परत दिली. "वद्दु," ती म्हणाली, म्हणजे नको. "लोखंडाचं हाय ह्ये. नख काय लाकूड हाय?"

मग पुढचे दिवस मी शिकवायला जात होते आणि शिकून येत होते. मिठाच्या कोमट पाण्यात अंगठा दिवसातून तीनदा बुडवायचा आणि लगेच पूर्ण कोरडा करायचा, हे माझं. बाकीचं मल्लव्वाचं. कामाच्या नखाला कात्री लावायची नाही, कात्रीनं टोकाला चीर पडते. आंघोळीनंतर नख मऊ असताना घासायचं, तेही एकाच बाजूला. मी एकदा मागंपुढं घासलं, तर म्हणाली, "करवत हाय का ती?" टोकदार करायचं नाही, सुताला अडकतं. झोपताना करडईच्या तेलाचं बोट मुळावर फिरवायचं, पण जखम भरल्यावर. किनार खरवडायची नाही. नखानं डब्याचं झाकण उघडायचं नाही, लसूण सोलायचा नाही. आणि पाण्यातलं काम शक्य तेवढं डाव्या हातानं.

हेच अवघड होतं. बिडीची पानं भिजवावी लागतात, भांडी राखेनं घासावी लागतात, लुगडी धुवावी लागतात. नरसव्वा म्हणायची, "पान्याबिगर बाईचं काय काम असतंय, सांगा की." मल्लव्वानं पाण्याचं सगळं काम स्वतःकडे घेतलं. डोळ्यांनी दिसत नसलं, तरी तिला पाणी हाताला कळत होतं.

आठव्या दिवशी सूज उतरली. डॉक्टरांनी अंगठा बघितला आणि "बरं," एवढंच म्हणाले. तेवढ्यावर मी चार दिवस काढले. नरसव्वा हळूहळू बिड्या वळू लागली. तोंडं मल्लव्वा दुमडायची, न बघता, सासू-सुना गुडघ्याला गुडघा लावून. माल थोडा व्हायचा, पण रोज जायचा. कार्ड चालू राहिलं. पण चेकरची अट कायम होती. अमावस्येचा माल नरसव्वाच्या एकटीच्या हातचा हवा होता.

सतराव्या दिवशी मी गेले, तर नरसव्वानं अंगठा पुढं केला. नवं आलेलं टोक लुगड्याच्या सुताला अडकून कोपऱ्यात चिरलं होतं. आत जाणारी चीर.

"चिकटपट्टी लावू," मी म्हटलं. "चीर आहे तिथंच थांबेल. नऊ दिवसांचा प्रश्न आहे."

मल्लव्वानं सुनेचा अंगठा आपल्या अंगठ्यानं चाचपला. "घास," ती म्हणाली.

"अम्मा, इतक्या दिवसांत आलंय ते. घासलं तर निम्मं जाईल."

"निम्मं ऱ्हाईल. तुमी एकदा चिकटवायला लावलं, आता दुसऱ्यांदा?"

मी चिकटवायला लावलं नव्हतं. पण त्या घरात तो फरक कुणाला महत्त्वाचा वाटत नव्हता, आणि खरं म्हणजे नव्हताही. मी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि चीर संपेपर्यंत घासलं. एकाच दिशेनं. इतका वेळ कुणाच्याही एका बोटावर मी त्याआधी घालवला नव्हता. नरसव्वा तोंड फिरवून बसली होती. उडणारी पांढरी भुकटी तिला बघायची नव्हती.

अमावस्येच्या सकाळी मी कारखान्यात गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. नरसव्वाच्या नखाचं टोक जेमतेम दिसण्याइतकं होतं. लांब नख खाली दाबतं. हिचं आखूड होतं, म्हणून तिनं अंगठा आडवा धरून कडेनं घडी दाबायची रीत बसवली होती. चेकरनं जुडी सोडली. एक बिडी तोंडावर चोळली. दुसरी चोळली. तिसरी उलटी करून टेबलावर आपटली. तंबाखू पडली नाही.

"तोंड बसकं हाय जरा," तो म्हणाला.

"बसकं हाय," नरसव्वा म्हणाली, "उघडं न्हाय."

त्यानं दोन बिड्या बाजूला टाकल्या. तेवढ्या सगळ्यांच्याच जातात. मग कार्डावर खूण केली, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "शिष्टर, आता आमच्या बायकांचे हात धरताना इचारून धरा."

घरी येताना मला आनंद झाला होता, पण तो फार टिकला नाही. त्या शनिवारी नरसव्वा माझ्या टेबलाशी आली, तोवर नोंदवहीचं एक पान भरलं होतं. त्यातल्या किती जणींचा उजवा अंगठा मी कापला, ते मला आजही सांगता येत नाही. त्या परत आल्या नाहीत. बायका दवाखान्यावर रागावतात, तेव्हा भांडत नाहीत. यायच्या बंद होतात. मी पुढचे काही महिने बिडीवाल्यांच्या गल्ल्यांतून विचारत हिंडले. दोघी सापडल्या. दोघींनीही मला चहा दिला आणि नखाचा विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा सप्ताह आला. पाहुणे तेच, वारही तोच. नेलकटरला या वेळी पिवळी फीत. नोंदवहीत मी हातानं रेघ मारून तिसरा रकाना काढला होता, 'काम', आणि 'हात पुढं करा' म्हणण्याआधी विचारत होते, की काय करता. माणसं अवघडत, मग सांगत. विणकर सुताची गाठ कशी मारतो ते दाखवायचा, शिंपी टीप कशी उसवतो ते. रांग हळू सरकायची. कार्यालयाला ते आवडलं नाही.

उद्घाटनाचं पहिलं नख पाहुण्यांच्या हस्ते कापायचं होतं. त्यासाठी मी नरसव्वाला बसवलं. तिनं डावा हात दिला. पाहुण्यांनी फोटोसाठी एक कापलं, उरलेली मी कापली. मग उजव्या हाताची चार. अंगठ्याशी मी थांबले.

"ते राहिलं की, सिस्टर," पाहुणे मोठेपणानं म्हणाले.

"ह्ये कामाचं हाय, सायेब," नरसव्वा म्हणाली. तिची नजर नेलकटर धरलेल्या त्यांच्या डाव्या हातावर होती. उद्घाटनाआधी मी रांगेतल्यांना विचारत होते तो प्रश्न तिनं चार वेळा तरी ऐकला असेल. "तुमचं ह्ये कशाच्या कामाचं?"

मांडवात कुणी हसलं नाही. हसायची तयारी मात्र सगळ्यांची होती. पाहुण्यांनी करंगळी मुठीत घेतली, अगदी तिनं वर्षापूर्वी अंगठा घेतला होता तशी, आणि आभाराच्या भाषणाआधीच त्यांना दुसरीकडे जायचं आठवलं.

महिन्याभरानं कार्यालयाकडून पत्र आलं. सप्ताहाच्या अहवालात पहिल्याच नावापुढे तपासलेले हात दोन आणि कापलेली नखं नऊ, अशी नोंद आहे. एक नख का शिल्लक राहिलं, याचा लेखी खुलासा करावा. सहकारी म्हणाले, 'चुकून' लिहून टाका, मिटेल. चुकून काय झालं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि ते आदल्या वर्षीच्या 'दहा'मध्ये बसलेलं होतं.

मी खुलासा एका ओळीत पाठवला: दहावं नख कामावर आहे.